वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याचा आढावा

वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याचा आढावा म्हणजे विशेष गरजा असलेल्या बालकाला शाळेत मिळणाऱ्या साहाय्याचे ठरावीक कालावधीनंतर केले जाणारे पुनर्परीक्षण होय. आरंभी ठरवलेली उद्दिष्टे कितपत साध्य झाली, दिलेले साहाय्य प्रत्यक्षात मिळाले का, आणि पुढील कालावधीसाठी त्यात कोणते बदल आवश्यक आहेत, हे या प्रक्रियेत तपासले जाते. सामान्यतः वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, पालक आणि शक्य असेल तेव्हा स्वतः बालक तिच्यात सहभागी असतात. आयईपी या संक्षेपाने ओळखला जाणारा हा आराखडा भारतात विशेष शाळांमध्ये दीर्घकाळ प्रचलित आहे. सर्वसाधारण शाळांमध्ये मात्र त्याचा वापर एकसारखा नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील, आणि त्यातही पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील प्रक्रियेचा व तिच्या पूर्वतयारीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

प्रत्येक बालकासाठी स्वतंत्र लेखी आराखडा आणि त्याचा नियतकालिक आढावा या कल्पनेला कायद्याचे रूप प्रथम अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने मिळाले. तेथे आराखड्याचा आढावा वर्षातून किमान एकदा घेणे बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यानुसार तयार होणाऱ्या शिक्षण, आरोग्य व देखभाल आराखड्याचा आढावाही बारा महिन्यांच्या आत घ्यावा लागतो आणि बैठकीची कागदपत्रे दोन आठवडे आधी सर्वांना पाठवावी लागतात.

भारतात ही पद्धत बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकांच्या विशेष शाळांमधून रुजली. १९८४ मध्ये सिकंदराबाद येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली कार्यात्मक मूल्यमापन सूची आणि मद्रास येथे विकसित झालेली, १८ क्षेत्रांतील ३६० कौशल्यांची सूची ही साधने अनेक शाळांनी स्वीकारली. या सूच्यांत बालक एखादे काम स्वतंत्रपणे करते, तोंडी सूचनेने करते की हात धरून करवून घ्यावे लागते, याची नोंद केली जाते. साध्या ‘येते’ वा ‘येत नाही’ अशा नोंदीपेक्षा ही पद्धत अधिक उपयुक्त ठरते, कारण हात धरण्यापासून तोंडी सूचनेपर्यंतचा प्रवास हीसुद्धा प्रगती असते आणि गुणपत्रिकेत ती कुठेच उमटत नाही. मुंबईतील जय वकील फाउंडेशनने विकसित केलेला ‘दिशा अभियान’ हा अभ्यासक्रम महाराष्ट्रातील बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांच्या विशेष शाळांत राबवला जातो. त्यातही मूल्यमापन आणि वैयक्तिक उद्दिष्टे यांची सांगड घातलेली आहे.

अध्ययन अक्षमतेचा इतिहास वेगळा आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत तिचा समावेश नव्हता. तरीही महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास प्रारंभ केला. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील अध्ययन अक्षमता केंद्राने या क्षेत्रात महत्त्वाचे काम केले. २००७ च्या ‘तारे ज़मीन पर’ या चित्रपटानंतर हा विषय घराघरांत पोहोचला. निदान म्हणजे काय, हे त्यामुळे पुष्कळांना कळले. निदानानंतर वर्षानुवर्षे चालणाऱ्या पाठपुराव्याविषयी मात्र आजही फारसे बोलले जात नाही.

कायदेशीर आधार

भारतीय कायद्यात ‘वार्षिक आढावा बैठक’ असा शब्दप्रयोग नाही, ही बाब प्रथम लक्षात घ्यावी लागते. आढाव्याची मागणी पुढील तरतुदींच्या आधारे करता येते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आला. त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा त्यांत अंतर्भाव आहे. या अधिनियमाच्या कलम १६ नुसार शासनाच्या निधीवर चालणाऱ्या किंवा शासनमान्य अशा सर्व शैक्षणिक संस्थांनी भेदभाव न करता प्रवेश देणे, बालकाच्या गरजेनुसार वाजवी सोयी पुरवणे, वैयक्तिक साहाय्य देणे, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग व संपादणूक यांवर देखरेख ठेवणे अपेक्षित आहे. ही देखरेखीची तरतूद आढाव्याचा मुख्य आधार होय. विनाअनुदानित खासगी शाळाही मान्यताप्राप्त असल्याने तिच्या कक्षेत येतात. ‘आमची शाळा खासगी आहे’ हे उत्तर त्यामुळे कायद्यात बसत नाही.

कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक, द्वितीय व तृतीय भाषेतून सूट असे अभ्यासक्रम व परीक्षेतील बदल नमूद आहेत. कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील बालकास नजीकच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय केवळ ४० टक्क्यांच्या मर्यादेवर अवलंबून ठेवता येणार नाही आणि वाजवी सोय ही व्यक्तीच्या गरजेवरून ठरवली पाहिजे, असे स्पष्ट केले.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियमात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन दिव्यांग बालकांचा वंचित गटात समावेश झाला. बहुविकलांग व तीव्र दिव्यांगत्व असलेल्या बालकांना गृहाधारित शिक्षणाचा पर्यायही त्याच दुरुस्तीने मिळाला. हा पर्याय निवडण्याचा हक्क बालकाचा आहे. आढाव्याच्या बैठकीत शाळेने एकतर्फीपणे ‘आता घरीच शिकवा’ असे सांगितल्यास तो हक्काचा वापर नसून प्रवेश नाकारण्याचाच प्रकार ठरतो.

प्रशासकीय रचना

सर्वसाधारण शाळांतील समावेशित शिक्षण २०१८ पासून समग्र शिक्षा या योजनेखाली येते. तीत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक बालकामागे वार्षिक ३,५०० रुपये आणि मुलींसाठी दहा महिने दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता अशी तरतूद ठेवण्यात आली. गट साधन केंद्रातील विशेष तज्ज्ञ आणि अनेक शाळांना आळीपाळीने भेट देणारे विशेष शिक्षक हे तिचे क्षेत्रीय अंग होय. विशेष शाळा मात्र शालेय शिक्षण विभागाकडे नसून दिव्यांग कल्याण विभागाकडे आहेत. हा स्वतंत्र विभाग २०२२ च्या अखेरीस निर्माण झाला असून दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. विशेष शाळेतून सर्वसाधारण शाळेत किंवा उलट दिशेने जाणारे बालक अशा रीतीने एका विभागातून दुसऱ्या विभागात जाते आणि त्याची जुनी नोंद आपोआप त्याच्यामागे येईल याची खात्री नसते.

विशेष शिक्षकांच्या संख्येबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रजनीश कुमार पांडेय प्रकरणात प्राथमिक स्तरावर दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक असे प्रमाण सांगितले. मार्च २०२५ मध्ये त्याच प्रकरणात राज्यांना पदे निश्चित करून भरती करण्याचे निर्देश देण्यात आले. फिरत्या शिक्षकावर अवलंबून असलेल्या शाळेत त्याच्या भेटीचा दिवस आणि आढाव्याचा दिवस एकच ठेवणे, हाच सध्या व्यवहार्य मार्ग दिसतो.

आढाव्याचा काळ

महाराष्ट्रातील शालेय वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते. पहिल्या सत्राचे संकलित मूल्यमापन दिवाळीच्या सुटीपूर्वी आणि दुसऱ्याचे एप्रिलच्या सुमारास होते. त्यामुळे दिवाळीनंतरचा पंधरवडा हा मध्यावधी आढाव्यासाठी आणि मार्च महिना वार्षिक आढाव्यासाठी सोयीचा असतो. मार्चमधील आढाव्याचे महत्त्व अधिक आहे, कारण पुढील वर्गाचे शिक्षक बदलतात. जुन्या वर्गशिक्षकांना वर्षभरात जे कळले ते लेखी स्वरूपात न उरल्यास जूनमध्ये सारे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. विशेष शाळांत तिमाही मूल्यमापनाची पद्धत रूढ आहे.

पूर्वतयारी

कागदपत्रांमध्ये चालू आराखडा, मागील बैठकीचे इतिवृत्त, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र, मानसशास्त्रज्ञ किंवा उपचारतज्ज्ञांचे अहवाल आणि प्रगतिपत्रक यांचा समावेश होतो. मूळ प्रती घरी ठेवून छायाप्रती देणे इष्ट. प्रमाणपत्राची मुदत तपासणे विशेष महत्त्वाचे आहे. लहान वयातील बालकांना पुष्कळदा मुदतीचे प्रमाणपत्र मिळते आणि ती मुदत नेमकी परीक्षेच्या तोंडावर संपल्याचे उशिरा लक्षात येते. अध्ययन अक्षमतेसंबंधी २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र वयाची आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच दिले जाते, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी होते आणि अठराव्या वर्षी मिळणारे प्रमाणपत्र कायमस्वरूपी असते. चौदावे वर्ष बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत आठवी-नववीत येते, म्हणजे दहावीच्या उंबरठ्यावर. आठ वर्षांपूर्वी प्रमाणपत्र मिळत नाही याचा अर्थ साहाय्यही मिळू नये असा होत नाही, कारण वर्गातील साहाय्यासाठी प्रमाणपत्र ही पूर्वअट नाही. पहिली-दुसरीतील बालकांच्या बाबतीत हा गैरसमज सर्वाधिक आढळतो.

कागदपत्रांपेक्षा महत्त्वाची असतात ती निरीक्षणे. बैठकीपूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत पालकांनी ठेवलेली साधी दैनंदिन नोंद तज्ज्ञांच्या अहवालात न येणारी माहिती देते. गृहपाठास किती वेळ लागतो, त्यातला किती वेळ रडण्यात जातो, शाळेत जाण्यास नकार कोणत्या वारी मिळतो, डबा उरतो का, या गोष्टी वरवर अभ्यासाशी संबंधित वाटत नाहीत. मात्र दर मंगळवारी पोट दुखत असेल आणि मंगळवारीच प्रकट वाचनाचा तास असेल, तर तो धागा जुळवणे घरच्यांनाच शक्य असते. वहीची पाने तारखेसह जपणेही उपयुक्त होय. जून आणि फेब्रुवारीतील दोन पाने शेजारी ठेवली की प्रगती किंवा तिचा अभाव शब्दांविना दिसतो.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांत निरीक्षणाचे काही विशेष मुद्दे असतात. वेलांटी व उकार यांची अदलाबदल, रफार जागा सोडून देणे, जोडाक्षर तोडून वाचणे, ‘भ’ आणि ‘म’ किंवा ‘घ’ आणि ‘ध’ यांतील गोंधळ हे त्यांपैकी होत. संख्यांच्या बाबतीत मराठीची स्वतःची अडचण आहे. पंचवीस या शब्दात पाच आधी ऐकू येतो आणि वीस नंतर, पण लिहिताना दोन आधी लिहावा लागतो. ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिणारे बालक म्हणूनच नेहमी गणन अक्षमतेचे असते असे नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी पर्यायी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा तिची समाजमाध्यमांवर आणि विधिमंडळातही थट्टा झाली, परंतु या गोंधळात अडकणाऱ्या मुलांच्या दृष्टीने ती अडचण खरी होती. तपासणी कोणत्या भाषेत झाली हेही अहवालात पाहावे लागते. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेली वाचन अक्षमतेची चाचणी हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीतही उपलब्ध आहे. ज्या भाषेत बालक शिकतच नाही त्या भाषेतील चाचणीचा निष्कर्ष सावधपणे घ्यावा लागतो.

उद्दिष्टांची मांडणी हा आढाव्याचा गाभा होय. ‘वाचन सुधारेल’, ‘वर्गात लक्ष देईल’ अशी उद्दिष्टे आराखड्यात वारंवार आढळतात आणि त्यांचा आढावा घेताच येत नाही, कारण ती साध्य झाली की नाही हे कोणालाही सिद्ध करता येत नाही. ‘जोडाक्षरे नसलेला पाच वाक्यांचा अपरिचित उतारा मार्चअखेर, तीनपेक्षा अधिक चुका न करता वाचेल’ हे उद्दिष्ट तपासता येते. साहाय्याचेही तसेच आहे. ‘विशेष शिक्षकांचे मार्गदर्शन मिळेल’ यापेक्षा ‘आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी तीस मिनिटे, वर्गाबाहेर’ ही नोंद उपयोगाची. मागील सहा महिन्यांत असे किती तास ठरले होते आणि किती प्रत्यक्ष झाले, हा बैठकीतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो. उद्दिष्ट साध्य न होण्याचे कारण बालकाच्या क्षमतेत शोधण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर मिळणे आवश्यक आहे.

बालकाचे स्वतःचे म्हणणे आढाव्यात सर्वाधिक दुर्लक्षिले जाते. बैठकीत मोठ्यांसमोर बोलण्याची सक्ती टाळून ते आधी घरी किंवा विश्वासातील शिक्षकाकडून जाणून घेता येते. बोलू न शकणारी बालके चित्रे, छायाचित्रे किंवा खुणांद्वारे आवड-नावड सांगू शकतात. लेखनिक नको असे म्हणणाऱ्या किशोरवयीन विद्यार्थ्यामागे बहुधा वर्गमित्रांत वेगळे दिसण्याची लाज असते. सोय कागदावर मंजूर होऊनही वापरली जात नाही, त्यामागे हे एक मोठे कारण असते.

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाल्यापासून हा परिसर औद्योगिक होत गेला. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली, तर वाहन उद्योगाचे नवे केंद्र म्हणून चाकण पुढील काळात वाढले. या वाढीने शिक्षणव्यवस्थेपुढे उभे केलेले प्रश्न आढाव्यातही दिसतात.

पहिला प्रश्न पाळीचा. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यांतील पालकांना सकाळी अकराच्या बैठकीसाठी रजा घ्यावी लागते, आणि कंत्राटी कामगाराच्या बाबतीत रजा म्हणजे बुडालेली हजेरी. येथील अनेक कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारी साप्ताहिक सुटी असते, त्या दिवशी शाळा चालू असतात. गुरुवारी बैठक ठेवल्यास आई-वडील दोघेही उपस्थित राहू शकतात. एवढा साधा बदल प्रत्यक्षात बराच फरक पाडतो. दुसरी पाळी असलेल्या पालकांना शाळा भरण्याची वेळ सोयीची पडते.

दुसरा प्रश्न हद्दीचा आहे. मोशी महानगरपालिकेत आहे. पुणे-नाशिक रस्त्याने इंद्रायणी ओलांडली की चिंबळी, कुरुळी, पुढे चाकण ही गावे खेड तालुक्यात येतात. भाडे परवडत नाही म्हणून किंवा कामाचे ठिकाण बदलले म्हणून मोशीहून कुरुळीस गेलेले कुटुंब काही किलोमीटरच सरकते. पण त्यांचे बालक महानगरपालिकेच्या शिक्षण विभागातून जिल्हा परिषदेच्या यंत्रणेत जाते आणि त्याचा कारभार राजगुरुनगर येथील गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आराखड्यातील तपशील येत नाही. त्यामुळे स्थलांतरापूर्वी आराखड्याची व शेवटच्या इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत मागून घेणे आवश्यक ठरते.

तिसरा प्रश्न भाषेचा. मराठवाडा व विदर्भातून आलेल्या कुटुंबांबरोबरच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील कामगारांची मुले येथील शाळांत आहेत. महानगरपालिका मराठीखेरीज उर्दू, हिंदी व इंग्रजी माध्यमाच्या शाळाही चालवते. घरी भोजपुरी वा ओडिया बोलणारे बालक मराठी वाचनात मागे पडल्यास ते भाषेच्या अपरिचयामुळे की अक्षमतेमुळे, हे ठरवण्यासाठी मातृभाषेतील त्याचे बोलणे-समजणे कसे आहे याची माहिती पालकांकडूनच मिळू शकते. अशा पालकांसाठी बैठकीत दुभाषा हवा. शेजारचा एखादा मोठा विद्यार्थी ते काम करू शकतो, परंतु कुटुंबाची खासगी माहिती त्याच्यासमोर उघड होते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी या परिसरातील कुटुंबे प्रामुख्याने पिंपरीतील संत तुकारामनगर येथील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, औंध येथील जिल्हा रुग्णालय आणि पुण्यातील ससून रुग्णालय येथे जातात. प्रत्येक प्रकारच्या तपासणीची सोय व वार वेगळे असल्याने आधी चौकशी करून गेल्यास हजेरी वाचते. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कामायनी या संस्थेचे बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीचे काम निगडीतही चालते. पिंपरीतील मोरवाडी येथे महानगरपालिकेने दिव्यांग भवन उभारले आहे.

बैठक व तिच्यानंतर

बैठकीत झालेले निर्णय लेखी असणे, त्यावर तारीख व उपस्थितांच्या सह्या असणे आणि पालकांना प्रत मिळणे अपेक्षित आहे. शाळेने इतिवृत्त न दिल्यास पालक स्वतः झालेल्या चर्चेचे टिपण तयार करून मुख्याध्यापकांना देऊ शकतात व पोच घेऊ शकतात. न पटलेल्या आराखड्यावर त्याच क्षणी सही करणे बंधनकारक नसते. विचारासाठी मुदत मागता येते किंवा असहमतीची नोंद करून सही करता येते. विशेष शिक्षक अथवा उपचारतज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत का, हे विचारण्यातही गैर काही नाही. परिषदेचा कायदा १९९२ चा असून नोंदणी क्रमांक तपासता येतो.

मतभेद शाळेच्या पातळीवर न मिटल्यास शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते व तिचा निर्णय तीन महिन्यांत होणे अपेक्षित आहे. त्यावरील अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखालील तक्रारी दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे करता येतात. प्रमाणपत्रातील टक्केवारी मान्य नसल्यास कलम ५९ अन्वये वेगळे अपील आहे. शासकीय व अनुदानित शाळांतील शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. चढणीचा मार्ग, स्वच्छतागृह, वर्ग तळमजल्यावर आणणे यांसारखे प्रश्न तेथे अधिक लवकर सुटतात.

दहावीच्या दृष्टीने आढावा

माध्यमिक शालान्त परीक्षेतील सवलती शाळेमार्फत मंडळाकडे मागाव्या लागतात. तासाला वीस मिनिटे जादा वेळ, लेखनिक, काही भाषा वा गणित यांबाबतच्या पर्यायी व्यवस्था यांचा त्यांत समावेश होतो. अर्ज भरण्याचा काळ साधारणतः दिवाळीच्या आगेमागे येत असल्याने दहावीच्या जूनमध्ये केलेली सुरुवात उशिराची ठरते आणि आठवीच्या वार्षिक आढाव्यातच हा विषय काढावा लागतो. नववीत विषयांची निवड होते, चौदाव्या वर्षीची पुनर्तपासणी त्याच सुमारास येते आणि लेखनिकाबरोबर उत्तर सांगून लिहवून घेण्याचा सरावही नववीच्या घटक चाचण्यांपासून हवा. वाक्य मनात जुळवून, विरामचिन्हांसह सांगणे हे स्वतंत्र कौशल्य असून ते परीक्षेच्या दिवशी आपोआप येत नाही. शाळेच्या अंतर्गत परीक्षांत सवलत वापरल्याची नोंद आराखड्यात असल्यास मंडळाकडील प्रस्तावाला तिचा आधार मिळतो. मंडळाचा अभ्यासक्रम झेपत नसल्यास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा पर्याय असतो. त्यात विषय निवडता येतात आणि परीक्षा टप्प्याटप्प्याने देता येते. हा निर्णय नापास झाल्यानंतर घाईने घेण्याऐवजी आठवी-नववीच्या आढाव्यात विद्यार्थ्यासमक्ष चर्चिला गेल्यास त्याला तयारीस पुरेसा काळ मिळतो.